उजव्या कानाचा थेंब

रविवारी दुकान बंद असतं, तरी आत्याने त्या दिवशी शटर अर्धं वर केलं आणि मागच्या खोलीतली कानाचे ठसे घ्यायची खुर्ची ओढत ओढत खिडकीच्या उजेडात आणून ठेवली. खुर्चीचा एक पाय कुरकुरला. घरातल्या सगळ्यांना त्या कुरकुरीचा अर्थ ठाऊक होता. आत्याने काहीतरी ठरवलंय, आणि एकदा ठरवलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बाप समोरच बसला होता ही गोष्ट वेगळी. अण्णांचा कान वयाने सुकत चालला होता, कानातला साचा सैल झाला होता, आणि त्यांचं ऐकायचं मशीन मधूनच बारीक शिट्टी मारत होतं.

"आज सुट्टीच्या दिवशी कुणाचा कान धरायचाय, ताई?" धाकट्या भावाने विचारलं. तो सोल्डरिंगच्या टेबलापाशी उभा होता आणि उगाचच एक वायर सरळ करत होता.

"तू बस आधी. मधल्याला हाक मार, वहिनींनाही. साळूला मी सांगितलंय."

साळू म्हणजे मधल्याची एकुलती एक. लहानपणी साळुंकीसारखी अखंड बोलायची, म्हणून ते नाव चिकटलं. गेल्या आठवड्यात प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, डॉक्टरकीसाठी तिचा नंबर लागला, आणि तेव्हापासून साळुंकी मुकी झाली होती. पोरगी थकलीय, असं वहिनी शेजारणींना सांगत होत्या. आत्यालाही तसंच वाटत होतं. कालपर्यंत.

काल दुपारी तिला चौकशीच्या कार्यालयात बोलावलं होतं. लांबट खोली, एकच पंखा, टेबलाची काच कोपऱ्यात तडकलेली. अधिकारी माणूस नीट बोलणारा होता, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं. त्याने पांढऱ्या कागदावर कानाचे तीन साचे मांडले. दोन काचेसारखे स्वच्छ. तिसरा कातडीच्या रंगाचा, बुटका, पोटात मुगाएवढं यंत्र दडवलेला.

"परीक्षा चालू असताना आमचं पथक आत शिरलं. काही मुलं कानातून उत्तरं ऐकताना सापडली," तो म्हणाला. "आणि हा तिसरा मुलींच्या स्वच्छतागृहात, बेसिनच्या जाळीत अडकलेला मिळाला. त्या वर्गात कानात साचे घालणारी एकच मुलगी होती. बेकरीवाल्यांची. तिला परवानगी होती, जन्मापासून ऐकू कमी येतं तिला, सगळं मान्य. पण बाई, तिच्या उजव्या साच्यावर जो थेंब आहे, तोच या तिसऱ्यावर आहे. एकाच हातचं काम. तुमचंच ना हे?"

थेंब तर सगळेच कारागीर टाकतात. उजव्याला तांबडा, डाव्याला निळा. पण इतरांचा थेंब म्हणजे नुसता रंग, सपाट पुसलेला. या घरचा थेंब मोहरीएवढा उंच असतो, अंगठ्याला लागतो. अण्णांनी ती रीत पाडली होती, आईसाठी. आईला ऐकू येत नव्हतं, आणि पुढे पुढे दिसेनासंही झालं. उजवा कुठला, डावा कुठला, हे तिला चाचपून कळावं म्हणून अण्णांनी तांबडा उंच ठेवला आणि निळा खोलगट. आई गेली, पण रीत राहिली.

"आमचंच आहे," आत्या म्हणाली होती.

मग तिने तो तिसरा साचा बोटांत फिरवला, आणि तिचा अंगठा टोकाशी थांबला. बाहेरून सरळ जाणारा कान आत दुसऱ्या वळणावर एकदम वर उचललेला होता, पोपटाच्या चोचीसारखा. असं वळण तिने उभ्या आयुष्यात एकाच घरात पाहिलं होतं. आईचा कान तसा होता. तिचा स्वतःचा तसा होता. आणि ज्या नातीच्या बारशाला आईने तोंडाला पदर लावून "माझा कान घेऊन आली गं" म्हटलं होतं, तिचा तसा होता.

"हा बेकरीवाल्यांच्या मुलीचा नाही," ती म्हणाली.

"मग कुणाचा?"

"सोमवारी सांगते."

"सोमवारी जरूर सांगा. नाही सांगितलंत, तर आमच्या लेखी तो तिचाच. तिचा निकाल रद्द, आणि पुढची काही वर्षं कुठल्याच परीक्षेला बसता येणार नाही तिला. तिचे हे दोन साचे पुरावा म्हणून आमच्याकडेच राहतील."

घरी परतताना आत्याला रस्ता कसा सरला ते कळलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. त्या पोरीचे कान आज टेबलावर ठेवलेत, आणि पोरगी घरी मुकाट बसलीय.

*

मधला आला तो शर्टाच्या बाह्या दुमडत. दुकानाचं पुढचं काम तो बघायचा. गिऱ्हाइकाला बसवणं, मशीन समजावणं, गोड बोलणं. वहिनी हात पुसत मागून आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकल्या. साळू सगळ्यांत शेवटी आली आणि कुणी काही सांगायच्या आत सरळ खुर्चीत जाऊन बसली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. केस कानावर ओढून घेतलेले. परीक्षेपासून ती केस असेच ठेवत होती, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

"काल मला तिसरा साचा दाखवला," आत्या म्हणाली. "कातडीच्या रंगाचा. उंच थेंबाचा."

अण्णांच्या मशीनने शिट्टी मारली.

"कुणाचा म्हणायचा मग?" मधल्याने विचारलं. विचारताना तो साचे घासायच्या चाकाकडे बघत होता.

या घरात एक सवय सगळ्यांच्या हाडीमाशी खिळली होती. बोलायचं ते समोरच्याकडे तोंड करून, ओठ उजेडात ठेवून. आईमुळे लागलेली सवय. जेवताना असो, भांडताना असो, आईला दिसेल असंच बोलायचं. लहानपणी मधला खोटं बोलायचा तेव्हा तोंड फिरवायचा, आणि आईला ऐकू न येताही नेमकं तेवढंच कळायचं.

"इकडे बघून विचार," आत्या म्हणाली.

मधल्याने पाहिलं, पण विचारलं नाही.

"ताई," धाकटा एकदम खाली बसला. "मी पॉलिशसुद्धा केलं नव्हतं गं त्याला. घाईत केला. पण थेंब टाकला बघ. हात आपोआप गेला."

"अक्कल असती तर थेंब टाकला नसतास."

"अक्कल असती तर साचाच केला नसता."

वहिनी चौकटीपासून सुटून पुढे आल्या. "काय चाललंय हे? भावजी, कसला साचा?" मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीने केस मागे सारले. कानाच्या तोंडाशी एक जुनी खरचट वाळून काळी पडली होती. वहिनींनी हात तोंडावर नेला आणि तसाच ठेवला.

"मला सांगितलं असतंत तर," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून नाही सांगितलंत."

"म्हणूनच."

मधल्याने आता बोलायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर गिऱ्हाइकाला समजवावं तसा बोलत गेला. गेल्या वर्षी पोरीचा नंबर थोडक्यात हुकला. रात्रंदिवस अभ्यास केला होता तिने. बाकीचे कसे पास होतात हे सगळ्या गावाला माहीत आहे. आपण एकट्यानेच का सोवळं नेसून बसायचं? आणि आता झालं ते झालं. "ताई, तू एवढंच सांग, कुणाचा कान आहे ते ओळखता येत नाही. खोटं नाही, नुसतं कळत नाही म्हणायचं. ते तरी कुठे कानातले तज्ज्ञ आहेत?"

"आणि बेकरीवाल्यांची मुलगी?"

"तिचं काय. तिला सवलती असतात. करतील तिचे वडील काहीतरी. वर्षभराने परत बसेल."

"वर्षभराने नाही. बसू देणार नाहीत तिला. काल सांगितलं मला." आत्या खणातून ठशाच्या पुट्टीचे दोन डबे काढत होती. "ती इथे पहिल्यांदा आली तेव्हा बापाच्या खांद्यावर होती. कान वाढला की साचा सैल व्हायचा, दर वर्षी नवा करायचा. तिचा कान मी वाढवलाय म्हटलंस तरी चालेल. आणि पुढच्या परीक्षेला काय होईल ठाऊक आहे? कानात काहीही घालून आत जायचं नाही, असा नियम करतील. आपली सगळी गिऱ्हाइकं दाराबाहेर. तुझ्या एका साच्यापायी."

"माझ्या," धाकटा म्हणाला. "साचा मी केला."

"तू गप्प," मधला म्हणाला.

"का गप्प बसू? तू सांगितलंस आणि मी केलं. नाकाने कांदे सोलायला मीही नाही आलो इथे. पण हात माझेच होते."

आत्याला क्षणभर बरं वाटलं. धाकटा आयुष्यभर मधल्याच्या सावलीत चालला होता, आज पहिल्यांदा उन्हात आला. पण बरं वाटून चालणार नव्हतं. तिने दोन डब्यांतले दोन गोळे घेतले, एक पांढरा, एक निळा, आणि एकत्र मळायला लागली. निळी नक्षी हळूहळू पांढऱ्यात विरत गेली.

"हे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"उद्या मी जाणार आहे. हा साचा बेकरीवाल्यांच्या मुलीचा नाही, एवढं नुसतं तोंडाने सांगून कुणी ऐकणार नाही. ज्या कानाचा आहे त्याचा ठसा शेजारी ठेवावा लागेल."

"म्हणजे घरच्या पोरीला..." मधल्याचा आवाज चढला. "ताई, ती तुझी भाची आहे. नाव काळ्या यादीत जाईल तिचं. पोलीस येतील. दुकानाला कुलूप लागेल. अण्णांनी पै पै..."

"दुकानाचं माझं मी बघेन," अण्णा म्हणाले.

सगळे वळले. अण्णांनी मशीनचा आवाज वाढवला होता, शिट्टी वाजू नये म्हणून साचा बोटाने कानात दाबून धरला होता, आणि सगळं ऐकलं होतं.

"तो थेंब तुमच्या आईसाठी होता," ते म्हणाले. बोट त्यांनी कानावरून काढलं नाही.

आत्या साळूच्या समोर येऊन उकिडवी बसली. ओठ उजेडात. "साळू, तू नको म्हण, मी ठसा घेणार नाही. मग मी नुसती जाऊन सांगेन, माझ्या घरातला कान आहे म्हणून, आणि ते पुढे काय करायचं ते करतील. जाणं मात्र चुकणार नाही. एवढं तुला ठाऊक असावं."

साळूने मान तिरकी केली. उजवा कान वर.

आत्याने दिव्याच्या नळीने आत पाहिलं. खरचट बरी होत होती. तिने दोरा बांधलेला कापसाचा बोळा अलगद दुसऱ्या वळणापलीकडे सरकवला, सिरिंज भरली, आणि पुट्टी आत सोडत बाहेर बाहेर येत कान काठोकाठ भरला. "आता सेट होईपर्यंत हलू नकोस."

वहिनी लेकीच्या भरलेल्या कानाच्या बाजूला उभ्या होत्या. आपलं तिला ऐकू जात नाही असं वाटून त्या नवऱ्याला हळू म्हणाल्या, "तिच्या डोळ्यांत बघितलंत का तुम्ही या आठवड्यात? मला वाटलं नजर लागली. मी मेली मिठाने दृष्ट काढत बसले."

"ऐकू येतंय गं, आई," साळू म्हणाली. "दुसऱ्या कानाने."

आणि मग साळुंकी बोलायला लागली. मान तिरकी, नजर खिडकीवर, अर्धा आवाज स्वतःच्याच डोक्यात घुमणारा.

"हॉलमध्ये अस्संच वाटत होतं. आतून कुणीतरी बोलतंय. पुरुषाचा आवाज, घाईघाईने आकडे सांगणारा. पहिली काही उत्तरं माझी आधीच लिहून झाली होती, बाबा. माझी मी. त्याने वेगळी सांगितली. मी माझी खोडली आणि त्याची लिहिली." ती थांबली. "बाहेर आल्यावर पुस्तक उघडून बघितलं. त्यातली माझीच बरोबर होती. मला येत होतं. आता मला कधीच कळणार नाही, मला किती येत होतं ते."

मधल्याचा हात घासायच्या चाकावर होता, आणि बंद चाक तो बोटाने उगाचच फिरवत होता.

"पथक आलं तेव्हा मी स्वच्छतागृहात गेले. ओढून काढला, तेव्हाच खरचटलं. बेसिनमध्ये टाकून नळ सोडला. दारात ती आत येत होती. बेकरीवाल्यांची. हसली माझ्याकडे बघून. आपल्या दुकानातली ओळख ना. मी हसले नाही. नंतर तिला उठवून नेलं, साचे काढायला लावले, आणि ती विचारत होती काय झालं, काय झालं, मोठ्या आवाजात, तिला स्वतःचा आवाज कळत नाही ना. सगळे तिच्याकडे बघत होते. मी पेपर लिहीत होते."

"मी तुला सांगितलं होतं म्हणून तू..." मधल्याने सुरुवात केली.

"तुम्ही सांगितलंत, काकाने केला. पण बाबा, मी नाही म्हटलं नाही."

वहिनींनी पदराने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. नुकतंच रडून झालेल्या बाईचा आवाज असा कोरडा होतो, की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. "वन्सं, उद्या मी येते तुमच्याबरोबर. हिच्या बाजूला बसेन. काय होईल ते होईल. वर्षं गेली तर जाऊ देत, घरात शिवण शिकेल, दुकानात बसेल, पुन्हा अभ्यास करेल. डोळे खाली घालून डॉक्टर झालेली मला बघवणार नाही."

"तू पण?" मधला म्हणाला.

"मी पण."

आत्याने पुट्टीवर नखाने दाबून पाहिलं. व्रण उठला नाही. तिने ठसा हलकेच पिळत, फिरवत बाहेर काढला. तळहातावर तो निळसर गोळा पडला, टोकाला चोच वर उचललेली. आईचा कान. आत्याच्या ओठांवर आईची ओवी आली, जी आई स्वतःला ऐकू न येता मोठमोठ्याने म्हणायची आणि शेजारी हसायचे:

माझ्या कानाची कवाडं, लागली गं कायमची,
लेकी तुझ्या ओठांवर, वाट मला आवाजाची.

तिने ती म्हटली नाही. नुसती ओठांवर फिरवली. अण्णांनी तिचे ओठ पाहिले आणि मान खाली घातली.

*

दारावरचा पिवळा दिवा लागला. या दुकानाला घंटा नव्हती. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती ऐकूच आली नसती, म्हणून बटण दाबलं की दिवा पेटायचा.

"रविवारी कोण?" धाकटा उठला.

"मी बोलावलंय," आत्या म्हणाली. "तिचे साचे तिकडे अडकलेत. ती उद्या तिथे बहिरी जाणार का? आज ठसे घेतले तर सकाळपर्यंत मी करून देईन."

मधला पांढरा पडला. "ताई, तू आधीच ठरवलं होतंस."

"खुर्ची ओढली तेव्हाच."

बेकरीवाले शटरखालून वाकून आत आले. बाह्यांवर पीठ, मिशीवर पीठ, रात्रभर जागलेले डोळे. त्यांच्या मागून मुलगी. कान उघडे, केस घट्ट मागे बांधलेले, नजर या ओठांवरून त्या ओठांवर झरझर फिरणारी. बंद ओठांची इतकी माणसं एकाच खोलीत पाहून ती थबकली.

"काय झालं?" ती म्हणाली. आवाज खोलीच्या मानाने जरा मोठा.

साळू खुर्चीतून उठली. तिने मुलीचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर आली, आणि खिडकी आपल्या तोंडावर येईल अशी उभी राहिली. कानात पुट्टीचा एक कण राहिला होता, तो तिने झटकला. मग बोलली. भरभर, एका दमात, पाण्यात उडी मारावी तशी.

मुलीने मान हलवली. "इतकं भरभर नको. पुन्हा सांग."

आत्याने टेबलाची कड घट्ट धरली. एकदा सांगायला धैर्य लागतं. दुसऱ्यांदा सांगायला त्याहून काहीतरी वेगळं लागतं, आणि ते या पोरीत आहे का, हे तिला ठाऊक नव्हतं.

साळूने तोंड फिरवलं नाही. एकेक शब्द ओठांवर नीट मांडत ती म्हणाली, "बेसिनमध्ये सापडलेला साचा माझा होता. मी टाकला. मी चोरून उत्तरं ऐकली. आळ तुझ्यावर आला आणि मी गप्प बसले. उद्या मी तिथे जाऊन हेच सांगणार आहे."

मुलगी तिच्या ओठांकडे बघत राहिली. ओठ थांबले तरी बघत राहिली.

बेकरीवाल्यांना मात्र पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. ते मधल्याकडे वळले. "आम्ही पोर तुमच्या हवाली केली, लहान होती तेव्हापासून. तिने सांगितलं. तुमचं काय?"

मधला गोड बोलणारा माणूस. दुकानाचं पुढचं तोंड. त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. बेकरीवाले वाट बघत होते. वहिनीही बघत होत्या. कुणालाच काही ऐकू आलं नाही.

"ते म्हणतायत," खुर्चीतली मुलगी म्हणाली, स्पष्ट, मोठ्या आवाजात, "‘मीच तिला पाठवलं होतं. मीही येतो.’"

मधल्याने तोंड दोन्ही हातांत झाकलं. धाकटा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

मुलगी पुन्हा साळूकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने ते पुसलं नाही, कारण पुसताना ओठ दिसले नसते. "मी तुझ्याकडे बघून हसले होते," ती म्हणाली.

"हो."

"मला अजून राग येणार आहे. खूप दिवस."

"येऊ दे."

"उद्या तिथे तू बोलशील तेव्हा मला तुझ्यासमोर बसवायला सांग. बाजूला नाही. समोर. मला सगळं वाचायचंय."

"बसवायला सांगते," साळू म्हणाली.

आत्याने डब्यांतून नवे दोन गोळे घेतले, पांढरा आणि निळा, आणि मळायला लागली. "मान तिरकी कर, बाळ. आधी उजवा," ती मुलीला हाताने खुणावत म्हणाली, आणि मागे न बघता, "साळू, दिवा धर."

साळूने दिवा धरला.